माळावरच्या दोन वसाहती

पुण्याहून मिरजेकडे निघालेली आगगाडी कऱ्हाड आणि ताकारी मागे टाकून पुढे गेली की किर्लोस्करवाडीचे स्थानक लागते. झाडांची दाटी, आसपास उसाचे फड, मध्ये कारखान्याची छपरे. नवख्या प्रवाशाला वाटावे की ही वस्तीही कृष्णाकाठच्या इतर गावांसारखी शेकडो वर्षांची जुनी असेल. प्रत्यक्षात १९१० सालापूर्वी या नावाचे गावच अस्तित्वात नव्हते. स्थानकाचे नाव होते 'कुंडल रोड', आणि स्थानकापलीकडे होता तो फड्या निवडुंगाने व्यापलेला, नागसापांनी भरलेला ओसाड माळ.

पुणे धर्मप्रांतातील सातारा आणि सांगली हे जिल्हे आपल्या वाचकांना परिचित असतात ते बहुधा पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळांमुळे आणि महाबळेश्वरच्या सहलींमुळे. त्यामुळे हा सारा मुलूख हिरवागार आणि धुक्यात गुरफटलेला असावा असा आपला समज होतो. परंतु सह्याद्रीची धार ओलांडून पूर्वेकडे निघाले की दर दहा-वीस कोसांवर पाऊस कमी होत जातो. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडच्या माणदेशात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. तोही येईलच असा भरवसा नाही. राजस्थानातल्यासारखी वाळू येथे नाही, पण माणसाने वस्ती करावी असे वाटायला लावणारेही येथे काही नव्हते. अशा भूमीवर, एकाच संस्थानाच्या हद्दीत, एकोणतीस वर्षांच्या अंतराने दोन नव्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या दोहोंची हकीगत एकत्र वाचली तर तिच्यात एक धागा सापडतो, आणि तो आम्हांला आपल्या श्रद्धेच्या फार जवळचा वाटतो. म्हणून हा लेखप्रपंच.

ते संस्थान होते औंधचे. आकाराने लहान आणि तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि मधून मधून इंग्रजी मुलूख. १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. राजा चित्रकार होता, कीर्तनकार होता आणि सूर्यनमस्काराचा कट्टर पुरस्कर्ता होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी यासाठी मोठी देणगी देण्याइतकी दानतही त्याच्यापाशी होती. संस्थानिकांच्या विलासाच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. हा माणूस त्या साच्यातला नव्हता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. जन्म १८६९चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकले, पण रंगांशी न जुळल्याने यंत्रचित्रणाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला पुढे केले गेले, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावी थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे परतले. सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तो नांगर त्यांच्या गळी उतरवायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. आणि धंदा मार्गी लागतो आहे असे दिसू लागताच नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली.

अशा वेळी औंधच्या राजाने त्यांना दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि आपल्या संस्थानात जागा देऊ केली. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्थानकाजवळची पडीक जमीन. या निवडीचे लोकांना नवल वाटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. परंतु कारखानदाराची दृष्टी शेतकऱ्याच्या दृष्टीहून वेगळी असते. दगडी कोळसा आणि कच्चे लोखंड यायचे ते रेल्वेने, नांगर जायचे तेही रेल्वेने. माळ पिकत नाही याची त्यांना फिकीर नव्हती.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. मार्च महिना म्हणजे डोक्यावर ऊन तापू लागलेले आणि पावसाळा अवघ्या तीन महिन्यांवर आलेला. तेवढ्या अवधीत निवडुंग तोडायचा, जमीन सपाट करायची, यंत्रांवर छप्पर घालायचे आणि माणसांवरही. पुरुष मंडळी कामात गुंतलेली असतात, त्यांचा दिवस निघून जातो. ज्या गावात शेजार नाही, देऊळ नाही, बाजार नाही, पाणवठ्यावर बोलायला कोणी नाही, तेथे बायकांनी चूल मांडायची आणि लेकराला विंचू-किरडाच्या भीतीने नजरेआड होऊ द्यायचे नाही, हे काम लोखंड ओतण्याहून सोपे होते असे आम्हांला वाटत नाही. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई त्यांच्याबरोबर या माळावर आल्या. किर्लोस्करवाडीच्या इतिहासात यंत्रांची नावे अधिक येतात आणि या बायकांची कमी, ही त्या इतिहासातील उणीवच म्हटली पाहिजे.

लक्ष्मणरावांनी आपल्याभोवती जमवलेली माणसेही पाहण्यासारखी होती. के. के. कुलकर्णी मॅट्रिकही झालेले नव्हते, पण पत्रव्यवहार, जाहिरात आणि अडल्यानडल्याची सारी व्यवस्था त्यांच्याकडे होती. शंभूराव जांभेकरांचे शालेय शिक्षण जेमतेम, तरी यंत्रांची जबाबदारी त्यांच्यावर होती. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, मंगेशराव रेगे हिशेबनीस. गावाची आखणी आणि कारभार पाहिला तो रामूअण्णांनी. आणि या सर्वांत आम्हांला विशेष वाटतात ते दोघे, तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगलेले. इतिहासाने त्यांना आडनाव म्हणून त्यांची जातच चिकटवली, यावरून त्या काळी समाजात त्यांचे स्थान काय होते ते कळते. लक्ष्मणरावांनी त्यांना वाडीत राहायला जागा दिली आणि वाडीच्या रखवालीचे काम सोपवले.

ही गोष्ट आज आपण कौतुकाने वाचतो. पण क्षणभर त्या वाडीतील एखाद्या गृहिणीच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. भोवती उघडा माळ, घराला अजून धड दार नाही, नवरा रात्रपाळीला, आणि बाहेर काठी आपटत फिरतो आहे तो तुरुंगातून सुटून आलेला माणूस. तिला झोप कशी लागली असेल? विश्वास हा शब्द उच्चारायला सोपा असतो, कारण बहुधा आपण तो दुसऱ्याच्या जिवावर उच्चारतो. लक्ष्मणरावांचे वेगळेपण हे, की त्यांची स्वतःची मुलेबाळे त्याच वाडीत झोपत होती.

त्याच काळी सरकारचे धोरण नेमके उलट होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि १९११ साली नव्या कायद्याने त्याचा पसारा देशभर वाढवला. सोलापुरातील तारेच्या कुंपणाआडची 'सेटलमेंट' पुष्कळांना ठाऊक आहे. आत राहायचे, कामापुरते बाहेर पडायचे, पुन्हा हजेरीला उभे राहायचे. ख्रिस्ती म्हणून आपण हेही नमूद केले पाहिजे की उत्तर हिंदुस्थानात अशा वसाहती चालवण्याचे काम मुक्तिफौजेने सरकारकडून स्वीकारले होते. हेतू सुधारणेचा होता, यात शंका नाही. परंतु जन्माने कोणी चोर असतो हे गृहीत धरून केलेली सुधारणा प्रभू येशूच्या शिकवणीत कशी बसवायची, हा प्रश्न तेव्हाच्या धर्मसेवकांनी विचारायला हवा होता. तो कायदा रद्द होऊन त्या जमाती मुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

किर्लोस्करवाडीची पुढील वाढ सर्वश्रुत आहे. निवडुंगाच्या जागी बागा आल्या, शाळा आली, टपाल आले. अस्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता. १९२० साली येथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' आले. शंकरराव किर्लोस्करांच्या या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाच्या घरात जे वारे नेले, ते पुण्या-मुंबईहून नव्हे, एका माळावरून निघालेले होते. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' हे नाव दिले, त्यात तो आरंभीचा निवडुंगही आलाच.

पण सारेच गुलाब नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ सुरू झाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ज्या वाडीने आपल्या दाराशी तुरुंगातून सुटलेल्यांना राखणदार नेमले, तिच्यावर घाला घातला तो मोकळ्या समाजाने. या योगायोगावर अधिक भाष्य करण्याचे आम्ही टाळतो. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले.

आता दुसरा माळ. त्यासाठी कुंडलहून ईशान्येला, विट्याच्या वाटेने आटपाडीकडे जावे लागते. हा खरा माणदेश. बाजरी, खिल्लारी बैल, मेंढ्यांचे कळप आणि पावसाची वाट पाहणारी माणगंगा. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'मुळे हा मुलूख मराठी वाचकांच्या मनात कायमचा वसला. संस्थान तेच, औंधचे, आणि राजाही तोच. मात्र आता तो सत्तरीला पोहोचला होता.

१९३८ साली आपल्या वाढदिवशी बाळासाहेबांनी सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९३९मध्ये औंधची स्वराज्याची घटना अमलात आली. तिच्या आखणीत स्वतः गांधीजींनी लक्ष घातले होते. ऑक्सफर्डला शिकून आलेले राजपुत्र अप्पासाहेब पंत या कामात पुढे होते. त्यांच्याबरोबर होता एक पोलिश अभियंता, मॉरिस फ्रिडमन.

फ्रिडमन यांची कहाणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९०१ साली वॉर्सात एका ज्यू कुटुंबात जन्म. म्हैसूर संस्थानच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचे प्रमुख म्हणून ते बंगळुरास आले आणि हिंदुस्थानचेच झाले. भगवी वस्त्रे घेतली, भारतानंद हे नाव घेतले, गांधीजींसाठी चरख्यात सुधारणा केल्या. औंधला आल्यावर त्यांच्या डोक्यात जी कल्पना घोळू लागली ती अशी की संस्थानच्या तुरुंगातील जन्मठेपेचे कैदी, त्यांत खुनाची शिक्षा भोगणारेही आले, भिंतीआड कुजत ठेवण्याऐवजी त्यांना मोकळी जमीन द्यावी, त्यांच्या बायकामुलांना त्यांच्याजवळ आणावे आणि त्यांना शेती करू द्यावी. राजाने ते मान्य केले. आटपाडीजवळच्या माळावर ही वसाहत १९३९च्या सुमारास वसली. तिला नाव दिले गेले स्वतंत्रपूर.

तुरुंगाला स्वतंत्रपूर म्हणायचे, यात थोडा विनोद आहे, आणि थोडे धाडसही. भिंत नाही, तटबंदी नाही. जमीन मात्र माणदेशाची. दगड वेचून बाजूला करावे तेव्हा कुठे कुळव धरायचा, आणि कुळवून झाल्यावर आभाळाकडे पाहायचे. किर्लोस्करवाडीला रेल्वे होती, भांडवल होते, लक्ष्मणरावांसारखा कर्ता होता. येथे आलेल्या माणसांपाशी त्यांचे दोन हात होते आणि एक असा भूतकाळ होता की ज्यामुळे त्यांच्या स्वतःच्या गावात त्यांना कोणी दारात उभे केले नसते. पळून जायचे तर चारी दिशा मोकळ्या. पण पळून जाण्याऐवजी त्यांनी त्या माळावर संसार मांडावा, असा हा सारा डाव होता.

आम्हांला या प्रयोगात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती जमीन नव्हे, कुटुंब. तुरुंग शिक्षा देतो एकाला आणि भोगायला लावतो अनेकांना. बाप तुरुंगात गेला की मुलाचे बालपण त्याच दिवशी संपते, बायकोला गावची नजर सोसावी लागते, म्हातारी आई भेटीच्या दिवसाकडे डोळे लावून बसते. आपल्या धर्मग्रामांतून जे बंधुभगिनी तुरुंगभेटीचे सेवाकार्य करतात, त्यांना हे आम्ही सांगायला नको. स्वतंत्रपुरात निर्णय असा की बायकोने नवऱ्याच्या शिक्षेच्या ठिकाणी येऊन घर करावे. म्हणजे तिने, कोणताही अपराध नसताना, स्वखुशीने तुरुंगात राहायला यावे. त्या बायकांनी हा निर्णय कसा घेतला असेल? अंगणात तुळस लावताना, भाकरी भाजताना, 'आम्ही इथले' असे म्हणायला त्यांची जीभ किती दिवसांनी धजावली असेल? कुंडल रोडच्या निवडुंगात आलेल्या बायकांपेक्षा यांचा माळ कितीतरी पटींनी ओसाड होता.

आणि येथे एका तारखेकडे लक्ष वेधावेसे वाटते. फ्रिडमन माणदेशात बिनभिंतींचा तुरुंग वसवत होते त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. पुढल्या वर्षी, १९४० साली, त्यांच्या जन्मगावी नाझींनी भिंत उभारून चार लाखांच्या आसपास ज्यू लोकांना तिच्याआड कोंडले. त्या माणसांचा गुन्हा एवढाच की ती ज्यू म्हणून जन्मली होती. आटपाडीत खुनी भिंतीबाहेर आणि वॉर्सात निरपराध भिंतीआड. ज्या माणसाच्या एकाच आयुष्यात या दोन्ही गोष्टी मावल्या, तो पुढे मुंबईत राहिला. निसर्गदत्त महाराजांचे संवाद इंग्रजीत आणण्याचे काम त्याने केले आणि १९७६ साली तेथेच शांतपणे देह ठेवला.

स्वतंत्रपूर महाराष्ट्राला माहीत झाले ते मात्र चित्रपटामुळे. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर याच मातीतले, आटपाडी भागातील शेटफळ्याचे. एक तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड जमिनीवर जातो आणि तेथे मळा फुलवतो, ही त्याची गोष्ट. पडद्यावर फ्रिडमन नाहीत, बायकोमुलांचीही ती वसाहत नाही. चित्रपटाला नायक लागतो, खलनायक लागतो, शेवटी बलिदान लागते. असो. पण त्यातील भरत व्यासांनी लिहिलेली, वसंत देसाईंनी स्वरबद्ध केलेली प्रार्थना आपल्या कितीतरी कॅथलिक शाळांच्या परिपाठात येऊन बसली. ती म्हणताना आपण कैद्यांची प्रार्थना म्हणत आहोत हे मुलांना कोणी सांगत असेल का, कोण जाणे.

आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९५८च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वलाचा विशेष पुरस्कार मिळाला, हे सर्वत्र लिहिले जाते. त्याच महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेनेही आपला पुरस्कार याच चित्रपटाला दिला. ज्या कथेत ख्रिस्ताचे नाव कोठेही नाही, चर्च नाही, क्रूस नाही, त्या माणदेशी कथेत कॅथलिक परीक्षकांना शुभवर्तमान दिसले. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने भुकेल्यांबरोबर बंदिवानांचेही नाव घेतले आहे, हे त्यांना आठवले असणार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोपपदी आलेले तेविसावे जॉन नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, रोममधील रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले. तुम्हांला माझ्याकडे येता येत नाही म्हणून मीच आलो, अशा आशयाचे ते तेथे बोलले.

जगानेही हा विचार हळूहळू स्वीकारला. १९५५ साली जिनिव्हात भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने खुल्या तुरुंगांची शिफारस केली. तोवर आटपाडीच्या माळावर कित्येक पिके निघून गेली होती.

मार्च १९४८मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ साली दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. औंध सातारा जिल्ह्यात राहिले, कुंडल आणि आटपाडी सांगलीकडे गेली. राजा गेला, घटना गेली, ग्रामपंचायतींचा तो प्रयोग ग्रंथांत राहिला. बाळासाहेब १९५१ साली वारले. स्वतंत्रपूर मात्र विलीनीकरणाच्या गोंधळात बुडाले नाही. राज्याच्या तुरुंग खात्याने ते खुली वसाहत म्हणून पुढे चालवले. बंद तुरुंगात काही वर्षे काढलेल्या, चांगली वर्तणूक असलेल्या कैद्यांतून तेथे माणसे निवडली जातात आणि कुटुंबासह राहून शेती करतात. अलीकडच्या काळात टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीच्या बाजूला आणले, डाळिंबाच्या बागा वाढल्या, आणि माळाचा रंग बदलू लागला.

या दोन वसाहतींत एक भेद राहून गेला, तो सांगितला की आमचे काम झाले. किर्लोस्करवाडीत ज्यांनी निवडुंग तोडला त्यांची नातवंडे तेथेच वाढली. आजोबांनी लावलेल्या झाडाखाली ती बसू शकतात. स्वतंत्रपुरात तसे होत नाही. माणूस येतो, दगड वेचतो, बांध घालतो, बायको परसात भाजी लावते, मुलांना शाळेची वाट पाठ होते, शेजार जमतो. आणि घर घरासारखे वाटू लागते तोच शिक्षा संपते. सुटकेचा कागद येतो. मग ते कुटुंब भांडीकुंडी बांधून, उभे पीक मागे ठेवून, ज्या गावाने त्यांना एकदा गमावले त्या गावाकडे निघते. त्या खोलीत पुढल्या कैद्याचे कुटुंब येते, आणि त्याची बायको नव्याने चूल मांडते.